डोंगर, बिबट्या आणि दारातला कुत्रा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालात आणि नारायणगावला डावीकडे वळलात, की थोड्याच वेळात समोर शिवनेरीचा किल्ला दिसू लागतो. त्याच्या मागे सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे काळे डोंगर उभे आहेत. पायथ्याशी उसाचे हिरवेगार मळे आणि मळ्यांत विखुरलेली घरे. घरापुढे गोठा, गोठ्यात दोन गाई, चार शेळ्या आणि दारात एक कुत्रा. सहलीला आलेल्या माणसाला इथे राहणाऱ्यांचा हेवा वाटतो.

आता अशाच एका घरातील सकाळ डोळ्यांपुढे आणा. तुम्ही उठून अंगणात येता. रोज शेपटी हलवीत धावत येणारा मोत्या आज येत नाही. हाका मारूनही येत नाही. रात्री तो एकदाच केकाटल्याचे आजीला आठवते. पाण्याच्या हौदाजवळ ओल्या मातीत एक गोल पाऊल उमटलेले असते. चार बोटे, मागे रुंद गादी, आणि नखांची खूण कुठेच नाही. शेजारचे काका वाकून पाहतात आणि एवढेच म्हणतात, "बिबट्या येऊन गेला."

नखे नाहीत एवढ्यावरून काकांनी हे कसे ओळखले? मांजराच्या कुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून ती धारदार राहतात. कुत्र्याला नखे आत घेता येत नाहीत, म्हणून त्याच्या पावलापुढे नखांचे ठिपके उमटतात. तरस हा प्राणीही याच भागात असतो, पण त्याच्याही पावलात नखे दिसतात.

मोत्या गेल्याचे दुःख मोठे असते. दुःखामागून राग येतो. "पिंजरा लावा, धरून लांब नेऊन सोडा त्याला!" असे सारे म्हणू लागतात. हा राग समजण्यासारखा आहे. पण रागाच्या भरात उपाय करण्यापूर्वी आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधू. बिबट्या इथे का राहतो? गोठ्यात इतकी जनावरे असताना त्याने कुत्राच का नेला? आणि त्याला धरून दूर सोडले, तर प्रश्न सुटतो का?

डोंगराने बांधलेले घर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार मागे जावे लागेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला. तो पसरला आणि थिजला. पुन्हा नवा लाव्हारस आला आणि जुन्या थरावर पसरला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्याच्या खडकाला आपण काळा पाषाण किंवा बेसॉल्ट म्हणतो.

लाव्हारसाच्या प्रत्येक थराचा खालचा भाग सावकाश थिजतो, म्हणून तो घट्ट आणि कठीण असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. हजारो पावसाळ्यांत ठिसूळ भाग लवकर झिजतो आणि कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, त्याचे कारण हेच.

कठीण थराखालचा मऊ थर झिजून गेला, की वर छपरासारखा खडक राहतो आणि खाली कपार तयार होते. भेगांतून मुरलेले पावसाचे पाणी खाली उतरत जाते. दोन थरांमध्ये पुष्कळदा भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा असतो. तिथे पाणी अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणजे सावली, आडोसा, पाणी आणि खालचा सारा मुलूख न्याहाळण्यास उंच जागा, एवढ्या सोयी डोंगराने आयत्याच करून ठेवल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसानेही याच खडकात जुन्नरच्या आसपास लेणी कोरली. कपारीचे महत्त्व बिबट्याला आणि माणसाला सारखेच कळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण बिबट्या आज केवळ डोंगरावर राहत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. सुरू ऊस बारा महिने शेतात उभा असतो, तर आडसाली ऊस सतरा-अठरा महिने. माणसाच्या डोक्यावर वाढलेल्या त्या दाट पिकात गारवा असतो, पाटाचे पाणी असते आणि सहसा कोणी आत शिरत नाही. मादी उसातच पिल्ले घालते. दोन-तीन पिल्ले होतात आणि ती दीड ते दोन वर्षे आईजवळ राहतात. अशा पिल्लांच्या दृष्टीने ऊस म्हणजेच जंगल. म्हणून "बिबट्या जंगल सोडून गावात आला" हे वाक्य या भागात पुरतेसे खरे नाही. तो इथेच जन्मला आणि इथेच वाढला.

केसांवरून कळलेले जेवण

आता दुसरा प्रश्न. बिबट्या काय खातो, हे कसे कळणार? तो रात्री हिंडतो. त्याला खाताना पाहणे जवळजवळ अशक्य. पण शास्त्रज्ञांनी यावर एक साधी युक्ती शोधली आहे. बिबट्याने खाल्लेल्या प्राण्याचे केस पचत नाहीत. ते विष्ठेबरोबर बाहेर पडतात. विष्ठा गोळा करून धुवायची, वाळवायची आणि त्यातील केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. केसाच्या बाहेरच्या आवरणावर बारीक खवले असतात आणि आत मगज असतो. खवल्यांची आणि मगजाची ठेवण प्रत्येक जातीच्या प्राण्यात निराळी. शेळीचा केस, कुत्र्याचा केस, मांजराचा केस असे ओळखता येतात.

जुन्नरच्या उत्तरेला, हरिश्चंद्रगडाच्या रांगेपलीकडे अकोले तालुका आहे. तो अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात येतो. तिथल्या शेतीच्या मुलखात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा अभ्यास केला. पायवाटांवर त्यांनी आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी असते, एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. त्यामुळे छायाचित्रांवरून बिबटे मोजता आले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. आणि हा मुलूख अभयारण्य नव्हे, माणसांनी गजबजलेला शेतीचा मुलूख! २०१३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली.

पुढच्या वर्षी विष्ठेवरून काढलेले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बिबट्याने खाल्लेल्या अन्नाचे एकूण वजन १०० किलो धरा. त्यापैकी ८७ किलो पाळीव किंवा गावात राहणाऱ्या प्राण्यांचे होते. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, म्हणजे ३९ किलो. मांजरांचा वाटा १५ किलो. शेळ्यांचा मात्र केवळ ११ किलो. आता यातील गंमत पाहा. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. तरीही बिबट्याने कुत्रीच जास्त खाल्ली. असे का व्हावे?

याचे उत्तर तुमच्या घरीच आहे. शेळी म्हणजे घराचा पैसा. दिवे लागले, की आई तिला आत बांधते आणि दाराला कडी घालते. कुत्रा मात्र रात्रभर बाहेर असतो. काही कुत्री उकिरड्यावर हिंडतात, काही दारात साखळीने बांधलेली असतात. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय कुत्र्याचे वजन बिबट्याला बेताचे. नर बिबट्याचे वजन साधारण ५० ते ७० किलो असते, मादीचे त्याहून कमी. पंधरा-वीस किलोंचा कुत्रा तो सहज तोंडात धरून उसात नेऊ शकतो. बिबट्या लांबवर पाठलाग करीत नाही. तो दबा धरून अगदी जवळ येतो, एक झेप घेतो आणि गळा धरतो. म्हणूनच मोत्या एकदाच केकाटला. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, तो याच कारणासाठी.

अंधाराचा फायदाही बिबट्यालाच मिळतो. त्याच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा चकाकणारा थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश या थरावरून परत फिरतो आणि पुन्हा एकदा उपयोगी पडतो. त्यामुळे चांदण्याच्या उजेडातही त्याला चांगले दिसते. हाच थर घरच्या मांजराच्या डोळ्यांतही असतो. रात्री थोड्या अंतरावरून क्षणभर बॅटरी दाखवा, मांजराचे डोळे चमकताना दिसतील.

साखळीचे पहिले टोक

अन्नसाखळी तुम्ही पुस्तकात शिकला आहात. गवत, हरिण, वाघ अशी ती असते. डोंगरालगतच्या गावात आणखी एक साखळी असते. उष्टे-खरकटे आणि मेलेली जनावरे, त्यांवर वाढलेली मोकाट कुत्री, आणि कुत्र्यांवर जगणारा बिबट्या. या साखळीचे पहिले टोक आपल्याच हातात आहे. गावाबाहेर कोंबड्यांची आतडी आणि हॉटेलातील शिळे अन्न उघड्यावर पडले, की कुत्री वाढतात. कुत्री वाढली, की बिबट्याला जेवणाचे आमंत्रणच मिळते.

मुंबईतही हेच घडते. तिथल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या कुंपणाला लागून वस्ती आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज बांधला गेला, की तिथले सुमारे ३५ बिबटे मिळून वर्षाला १,५०० च्या आसपास कुत्री खात असावेत आणि त्यामुळे आसपासच्या वस्तीत कुत्री चावण्याचे प्रकार कमी होत असावेत. हा हिशेबाने काढलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण बिबट्या, कुत्रा आणि माणसाचे आरोग्य ही तीन टोके एकमेकांना कशी बांधलेली आहेत, ते यावरून दिसते.

ही साखळी उलट्या दिशेनेही ओढ देते. गावातील कुत्री डोंगरावर जाऊन ससे, भेकरे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी यांना त्रास देतात. बिबट्याचे रानातले भक्ष्य त्यामुळे आणखी कमी होते. कुत्र्यांचे रोगही वन्य प्राण्यांना होतात. कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणूंमुळे होणारा असाच एक रोग. गुजरातमध्ये गीर येथे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले. त्यांपैकी काहींच्या शरीरात याच रोगाचे विषाणू सापडले. रेबीज तर कुत्रा, बिबट्या, गाय, माणूस अशा सर्व सस्तन प्राण्यांना होऊ शकतो. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी सहसा वाचत नाही. म्हणून मोत्याला लस टोचून घेतली, तर ती एकट्या मोत्यासाठी नसते. तुमच्या घरासाठी आणि समोरच्या डोंगरासाठीही असते.

धरून नेले तर?

आता तिसरा प्रश्न. बिबट्याला पकडून दूरच्या जंगलात सोडला, तर गाव निर्धास्त होईल, असे कोणालाही वाटेल. जुन्नरच्या परिसरात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. २००१ पासून अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. नंतर शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली! ज्या भागात बिबटे आणून सोडले, तिथेही हल्ले होऊ लागले. उपाय करायला गेलो आणि अपाय झाला.

याची कारणे बिबट्याच्या स्वभावात आहेत. प्रत्येक प्रौढ बिबट्याचा स्वतःचा मुलूख असतो. कोणत्या वाटेने जावे, पाणी कुठे आहे, माणसे केव्हा बाहेर पडतात, हे सारे त्याला पाठ असते. म्हणूनच तो वर्षानुवर्षे माणसाला चुकवून राहू शकतो. त्याला पिंजऱ्यात घालून अनोळखी ठिकाणी सोडले, की तो बिथरतो. वाटा ठाऊक नसतात, भक्ष्य कुठे मिळेल ते कळत नाही, आणि माणसाशी अवचित गाठ पडण्याचा संभव वाढतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. आईपासून नुकताच वेगळा झालेला एखादा तरुण बिबट्या ती बळकावतो. उकिरडा आणि कुत्री तर होती तिथेच असतात.

शिवाय बिबट्याला घराची ओढ असते. २००९ साली टाकळी ढोकेश्वर येथे एक नर बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. हे आजोबा घाट उतरले आणि महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचले! वाटेत गावे, रस्ते, रुळ सारे लागले. त्यांनी कोणाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ साली मुंबई-आग्रा महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

याचा अर्थ बिबट्याला कधीच पकडू नये, असा नव्हे. जखमी झालेला, विहिरीत पडलेला किंवा माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ले करणारा बिबट्या वनखात्याला पकडावाच लागतो. जुन्नरजवळ माणिकडोह येथे अशा बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. बिबट्याच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत, तुमच्याहून लहान मुलेही दगावली आहेत. ज्या घरात असे घडले, त्या घराला आकडे सांगून भागणार नाही. म्हणूनच जो उपाय खरोखर उपयोगी पडतो, तोच करायला हवा.

तुम्ही काय कराल?

पहिला उपाय कुत्र्याचा. रात्री मोत्याला दारात बांधू नका. त्याला घरात घ्या किंवा गोठ्यात बंद करा. गोठ्याला चारी बाजूंनी मजबूत जाळी हवी आणि वरूनही छप्पर हवे. बिबट्या उत्तम चढतो. शेळी तोंडात धरून तो झाडावर जाऊ शकतो, मग चार-पाच फुटांची भिंत त्याला अडवणार नाही. दाराला नुसता अडसर नको, घट्ट कडी हवी.

दुसरा उपाय उकिरड्याचा. खरकटे आणि मांसाचे तुकडे उघड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. गावातील कोंबडीच्या दुकानांची घाण कुठे जाते, याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. मोकाट कुत्र्यांना लस टोचणे आणि त्यांची नसबंदी करणे हे कामही गावाने मिळूनच करावे लागते.

तिसरा उपाय स्वतःचा. अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटे बाहेर पाठवू नका. बाहेर जायचेच असेल तर दोघे-तिघे मिळून जा, हातात बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत जा. माणूस येतो आहे असे कळले, की बिबट्या बहुधा स्वतःच बाजूला होतो. उघड्यावर उकिडवे बसणे किंवा वाकून काम करणे अंधारात विशेष धोक्याचे, कारण तसे बसलेले माणूस बिबट्याला चार पायांच्या प्राण्याएवढे बुटके दिसते. घरोघरी शौचालय असणे हा या दृष्टीनेही संरक्षणाचा उपाय आहे. उसाला रात्री पाणी द्यावे लागत असेल, तर एकट्याने जाऊ नये.

चौथा उपाय गर्दीचा. बिबट्या दिसला की सारा गाव काठ्या घेऊन धावतो. चहूबाजूंनी कोंडलेला बिबट्या वाट काढण्यासाठी अंगावर येतो. त्याला निघून जाण्यास वाट द्या आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्र वनखात्याचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून ठेवा. ऊसतोडणीच्या वेळी पिल्ले सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. त्यांची आई जवळपासच असते आणि बहुधा रात्री त्यांना न्यायला येते.

हे करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गाचे पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने दिवसाउजेडी आपल्या वाडीतील घरांची नोंद घ्यावी. घरात कुत्री किती? रात्री आत असतात किती, बाहेर किती? लस टोचलेली किती? गोठ्याला वरून छप्पर आहे का? उघडे उकिरडे किती आणि घरांपासून किती पावलांवर? साऱ्या गटांची माहिती एका नकाशावर भरा. बाहेर झोपणारी कुत्री आणि उघडे उकिरडे तांबड्या रंगाने दाखवा. गावातील धोक्याच्या जागा नकाशावर आपोआप उठून दिसतील. हा नकाशा ग्रामसभेत दाखवा. सहा महिन्यांनी पुन्हा नोंद घेऊन किती तांबडे ठिपके कमी झाले ते मोजा.

सह्याद्रीच्या कुशीतील कितीतरी गावांत वाघोबाचे ठाणे असते. अश्विन वद्य द्वादशीला तिथे वाघबारस साजरी होते. पूर्वजांनी या प्राण्याला देव मानले, पण संध्याकाळ झाली की शेळ्या आत घेण्यास ते विसरले नाहीत. शेजार मोठा असला, तरी दाराला कडी हवी, हे त्यांना ठाऊक होते. डोंगर हलणार नाही, आणि बिबट्याही हलणार नाही. कडी मात्र आपल्या हातात आहे. तुमच्या घरी मोत्या असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी तो कुठे आहे, तेवढे एकदा पाहून या.